श्वास पुसलेली प्रत

खलाशी लाईनीतला लॅझरस ड्रायव्हर
बायकापोरांसह ऑस्ट्रेलियाला निघाला,
त्या मे महिन्यात बाबांनी त्याच्याकडून
एकशेदहा रुपयांत रेकॉर्ड प्लेयर उचलला.
वर सात तबकड्या फुकट, साऱ्या एकाच बाईच्या.
आई म्हणाली, "कूलर घ्याचा होता न जी."

पाकिटावर आखूड केसांची पोरगी, पिवळा कोट,
आणि मागे डोंगर.
बाबा चष्मा काढून बघत राहिले.
"डोंगर नोहे हा. डम्प हाय.
हिचा बाप खाणीतला दिसते."

होताच तो खाणीतला.
मागचा बारीक मजकूर मी शब्दकोश मांडीवर घेऊन लावला:
वेल्समधलं गाव, उतारावरची घरं,
पंधराव्या वर्षी हातमोज्यांच्या कारखान्यात,
शनिवारी कामगारांच्या क्लबात दोन गाणी,
एकोणिसाव्या वर्षी लंडन.
कंपनीला नाव जड वाटलं. तिला लिन प्रायर केलं.
पहिली तबकडी अकराव्या नंबरापर्यंत चढली,
दुसरी तिसाव्या,
मग पाकिटांवर कोट बदलत गेले
आणि नंबर लिहिणं बंद झालं.

सातवी मात्र तिच्या भाषेतली, तिच्या खऱ्या नावाची.
आम्हाला एक अक्षर कळलं नाही
(पहिल्या सहांतलं तरी कुठे कळत होतं!)
बाबा रात्रपाळीहून आले की तीच लावायचे,
आंघोळीआधी, काळ्या पायांनी, उंबऱ्याशी बसून.
आम्ही तिला एलुनेड म्हणायचो.
पुढे मिशन हॉस्पिटलातल्या नन सांगून गेल्या, एलिनेड.
तोवर उशीर झाला होता, घरात ती एलुनेडच राहिली.

टाइमकीपर मोटघऱ्यांकडून इंग्रजी घेऊन
बाबांनी कंपनीच्या पत्त्यावर पत्र टाकलं.
अकरा महिन्यांनी कार्ड आलं, तिच्याच हातचं.
गाणं सुटलंय. लोकरीचं दुकान आहे.
तुमची खाण किती खोल?
आणि खाली उतरताना तुमच्याकडे माणसं गातात का?

खोलीचं उत्तर सोपं होतं, फुटांत.
दुसऱ्यापाशी बाबा तीन दिवस अडले.
सिलेवाड्याला उतरताना कोण गातं?
प्रत्येकाच्या गालात खर्रा.
शेवटी लिहिलं: होय, गातात.

त्यावर उत्तर आलं नाही.
बाबा गेले त्या रात्री
ओसरीवर बसून धनिराम कुंभलकर म्हणाला,
"काहून कोण जाणे, एका सोमवारी उदाराम
पिंजऱ्यात शिरला अन् लागला न गायला.
बेसूर, पण रोज.
आमी हासलो. मंग दोघं-चौघं सूर धरू लागले."
मी त्याला पत्राचं सांगितलं नाही.
पत्र खोटं पडू नये म्हणून
तीनशे फूट गात उतरणारा माणूस
माझ्यापुरता ठेवला.

मी कोळसा कंपनीच्या दवाखान्यात एक्स-रे काढते.
"श्वास घ्या. रोखा. सोडा."
दिवसाला चाळीस वेळा.
बाबांचा फोटोही मीच काढला होता,
त्यांनी रोखला, आणि सोडताना किती वेळ लागला.

परवा भाचीने मोबाईलवर ती शोधून दिली,
सातवी तबकडी, नवी, स्वच्छ केलेली.
खरखर नाही, टकटक नाही, आवाज आरशासारखा.
दुसऱ्या कडव्यापाशी मी थांबले.
तिथे ती ओळीआधी श्वास घेते,
थोडा ओढून, थोडा अडखळत,
जसा डम्पाखाली वाढलेली पोरं घेतात.
तो नव्हता. कुणीतरी डाग समजून पुसला होता.

"मावशी, काय झालं? छान तर आहे."
"छानच आहे," मी म्हटलं.

संध्याकाळी सदरला गेले.
प्लेयरची सुई गेली आहे, चार वर्षं झाली.
दुकानदाराने खण धुंडाळले,
मालाचा भरवसा नाही म्हणाला,
मारबत निघून जाऊ द्या, मग या.
बरं, म्हटलं.
जुनी सुई रुमालात गुंडाळून परत आणली.